दुसऱ्याच तापाची रेघ

मराठवाड्यात पावसाळा सरता सरता घरटी एक तरी माणूस तापानं पडलेला असतो. तालुक्याच्या गावाला जाऊन रक्त तपासायचं, आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून परतताना खिशात कागद असतो : विडाल पॉझिटिव्ह. म्हणजे टायफॉइड. आठवड्यानं कळतं, टायफॉइड नव्हताच, डेंग्यू होता. मग लॅबवाल्याच्या नावानं बोटं मोडायची. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ साली शोधलेली ही तपासणी मलेरियातही फसते, डेंग्यूतही फसते, आणि हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. विडाल फसली तर फार तर चार गोळ्या जास्त पोटात जातात. पण एचआयव्हीची तपासणी अशीच फसली तर?

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव २०२३च्या ऑगस्टअखेर सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणानं अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. टीव्हीच्या गाड्या, मंडप, पुढाऱ्यांच्या फेऱ्या हे सगळं लोकांनी पाहिलं. अशा गावांत महिन्याच्या महिन्याला घडणारी एक गोष्ट मात्र कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाही. दिवस गेलेल्या बाईची नोंद झाली की नर्सबाई तिच्या बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर टाकतात, वरून औषधाचे थेंब सोडतात आणि काही मिनिटं वाट पाहतात. एक रेघ उमटली तर पट्टी नीट काम करते आहे आणि रक्तात काही सापडलं नाही. दुसरी रेघ उमटली, अगदी फिकट का होईना, तर पुढची तपासणी. अशा रेघांपैकी बऱ्याच रेघांचा एचआयव्हीशी काडीचाही संबंध नसतो. मग त्या उमटतात कशा? याचं उत्तर पट्टीत कमी आणि बाईच्या शरीरात जास्त आहे, आणि ते फार अद्भुत आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ही पट्टी विषाणू शोधतच नाही. विषाणू आला असेल तर शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, ती शोधते. पट्टीवर एचआयव्हीच्या प्रथिनांचे तुकडे एका रेघेत चिकटवून ठेवलेले असतात. रक्त त्यावरून वाहत जातं आणि त्यातली जी प्रतिपिंडं त्या तुकड्यांना धरून बसतात, ती रंग आणतात. पट्टी विचारते ते इतकंच : या तुकड्याला धरून बसणारं काही तुझ्याकडे आहे का? शरीर खरं तेच सांगतं. आहे. ते कुणासाठी बनवलं होतं, हे मात्र ते सांगत नाही, आणि पट्टीही विचारत नाही.

आता प्रतिपिंडांचं गोदाम किती मोठं आहे ते पाहा. माणसाच्या शरीरात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण वीस हजार. आणि प्रतिपिंडांचे प्रकार? अब्जांच्या घरात. वीस हजार पाककृतींतून अब्जावधी पदार्थ निघतात कसे, हे कोडं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं सुटत नव्हतं. १९७६ साली सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात काम करताना दाखवलं की, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, म्हणजे बी पेशी, आपल्या जनुकाचे तुकडे कापतात आणि पुन्हा वेगळ्या क्रमानं जोडतात. प्रत्येक पेशीचा जोड वेगळा. १९८७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्या तोनेगावांना मिळालं. याचा अर्थ असा की, जगात अजून जन्मालाही न आलेल्या विषाणूला धरू शकेल असं प्रतिपिंड आपल्या अंगात आजच कुठल्या तरी एका पेशीवर बसलेलं असू शकतं. शरीर शत्रू पाहून हत्यार घडवत नाही. ते आंधळेपणानं अगणित हत्यारं घडवून ठेवतं, आणि शत्रू आला की त्यातलं जे बरं बसेल ते वाढवतं.

‘बरं बसेल’ हे शब्द महत्त्वाचे. लग्नाच्या मांडवाबाहेर लाइट गेली की अंधारात पाय चपला शोधतो. एखादी चप्पल पायाला बसते, माणूस घरी जातो, आणि सकाळी कळतं की ती व्याह्यांची होती. प्रतिपिंड असंच चाचपून चालतं. त्याला विषाणूचं नाव कळत नाही, त्याला कळतो फक्त आकार आणि विजेचा भार यांचा एक इवलासा खाचखळगा. दोन अगदी परक्या प्रथिनांवर तसाच खळगा असेल, तर एकासाठी बनलेलं प्रतिपिंड दुसऱ्यालाही धरतं.

ताप नुकताच आलेला असेल तर हा घोटाळा जास्त होतो, त्याचं कारण आयजीएम. नव्या संसर्गात शरीर घाईघाईनं जी पहिली प्रतिपिंडं सोडतं, ती या जातीची असतात. एकेका प्रतिपिंडाला धरायच्या दहा जागा. प्रत्येक जागेची पकड ढिली, पण दहा ढिल्या पकडी एकत्र आल्या की चिकटपणा भरपूर. पुढच्या काही आठवड्यांत लसिकाग्रंथींमध्ये, काखेत-जांघेत ज्यांच्या गाठी हाताला लागतात त्याच त्या, बी पेशींची कडक निवड चालते. नेमकी पकड असलेल्या पेशी वाढतात, ढिल्या मरतात. पण ती निवड व्हायच्या आत रक्त तपासलं, तर हाती येतो तो सुरुवातीचा कच्चा, चिकट माल. गंमत अशी की, एचआयव्हीची लागण लवकर पकडता यावी म्हणून पुढच्या पिढीच्या तपासण्या मुद्दाम आयजीएमलाही हेरतील अशा बनवल्या. लवकर पकडण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

काही विषाणू तर याहून पुढे जातात. एप्स्टाइन-बार विषाणू, १९६४ साली सापडलेला, थेट बी पेशींतच घुसतो आणि त्यांना वाढायला लावतो. कुणासाठी, कशासाठी, काही विचार नाही. सगळी गोदामं एकदम उघडतात आणि नको ती प्रतिपिंडंही रक्तात येतात. ती इतकी वाट्टेल तशी असतात की, अशा रुग्णाच्या रक्तात मेंढीच्या तांबड्या पेशी टाकल्या तर त्यांच्या गुठळ्या होतात. १९३२ साली पॉल आणि बनेल या दोघा डॉक्टरांनी हे पाहिलं आणि त्याचीच तपासणी केली. म्हणजे हा विषाणू सापडायच्या बत्तीस वर्षं आधीच डॉक्टर मेंढीच्या रक्तावर त्याचा आजार ओळखत होते! त्या रुग्णाचा मेंढीशी संबंध नव्हता, आणि अशाच तापात कधी एचआयव्हीची रेघ उमटते तेव्हा तिचा एचआयव्हीशी नसतो. मलेरियात, कोविडमध्ये, क्वचित लस घेतल्यावरही अशा रेघा आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. १९९१च्या डिसेंबरात अमेरिकेत काही रक्तदात्यांचे एचआयव्हीसह दोन-तीन विषाणूंचे अहवाल एकदम पॉझिटिव्ह यायला लागले. चौकशीत धागा निघाला तो त्या मोसमातल्या फ्लूच्या लशीपर्यंत.

पण खोट्या रेघेची माझी सर्वात आवडती कथा विषाणूची नाही, आईची आहे.

एचआयव्हीची पहिली तपासणी अमेरिकेत २ मार्च १९८५ला बाजारात यायला मोकळी झाली. तीत वापरायची प्रथिनं मिळवायला आधी खरा विषाणू वाढवावा लागे, आणि तो वाढे माणसाच्या पेशींत. एच-नाइन नावाच्या पेशींत तो भरघोस वाढतो म्हणून त्याच घेतल्या. मग विषाणू फोडून त्याचा अर्क काढला. त्या अर्कात विषाणूबरोबर त्या पेशींचे अवशेषही आले, आणि त्या पेशींच्या अंगावर एचएलए-डीआरफोर नावाची एक खूण होती. एचएलए म्हणजे प्रत्येक माणसाच्या पेशीवरचं ओळखचिन्ह. ते निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून.

तपासणी वापरात आली आणि असं दिसलं की, काही बायकांच्या रक्तात विनाकारण रंग येतो. त्यांच्यात एक साम्य होतं : त्या लेकुरवाळ्या होत्या, अनेक बाळंतपणं झालेल्या. पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. त्यांच्यावर बापाकडची खूण असते, जी आईच्या शरीराला परकी. आई तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते, बाळाला धक्का न लावता, निमूटपणे. बापाची खूण डीआरफोर असेल, तर हीच प्रतिपिंडं वर्षानुवर्षांनी तपासणीतल्या एच-नाइन पेशींच्या अवशेषांना जाऊन चिकटत. नवऱ्याच्या आणि लेकरांच्या आठवणीचा माग रक्तात राहिला, आणि यंत्रानं त्याला एड्स म्हटलं. ज्यांना वारंवार रक्त चढवलं गेलं होतं त्यांचंही तेच. पुढे पेशींत विषाणू वाढवण्याऐवजी त्याचे नेमके तुकडे प्रयोगशाळेत स्वतंत्र बनवायची पद्धत आली, तेव्हा हा घोटाळा मिटला.

भारतातली पहिली निदानंही त्याच काळातली, आणि त्यांचा एक धागा मराठी घरापर्यंत येतो. मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चामड्याच्या व्यापारात असलेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी १९८६ साली वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते वेल्लोरला तपासले, तर सहा नमुने पिवळे झाले. देशात हा विषाणू आहे यावर तोवर कुणाचा विश्वास नव्हता, त्यामुळे शंका यायचीच. त्या सहाजणींचं रक्त पुन्हा घेतलं, मग नमुने अमेरिकेला नेऊन वेस्टर्न ब्लॉट या वेगळ्या पद्धतीनं खात्री केली, आणि मगच ती बातमी झाली. एका रंगावर कुणी भरवसा ठेवला नाही. पुढे सॉलोमनबाईंनी एड्सच्या रुग्णांसाठी चेन्नईत केंद्र काढलं, त्याला वडलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं नाव दिलं.

खोट्या रेघेनं सर्वांत मोठा हिसका दिला तो मात्र २०२० साली, ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलंड विद्यापीठ कोविडची लस बनवत होतं. कोरोनाच्या काट्याचं प्रथिन फार चंचल असतं, एकटं काढलं की त्याचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की लस निकामी. शास्त्रज्ञांनी त्याला एक चिमटा लावला. चिमट्यासाठी घट्ट आकाराचं प्रथिन हवं होतं, म्हणून त्यांनी एचआयव्हीच्या जीपी-फॉर्टीवन या प्रथिनाचे छोटे तुकडे घेतले. त्यातून लागण होणं अशक्यच. शक्यता एवढीच होती की, शरीर चिमट्याविरुद्धही थोडी प्रतिपिंडं बनवेल. तशी कल्पना २१६ स्वयंसेवकांना आधीच दिली होती.

शरीरानं ती जरा जास्तच मन लावून बनवली. लस सुरक्षित ठरली, कोरोनाविरुद्ध प्रतिपिंडंही छान आली, आणि स्वयंसेवकांच्या एचआयव्हीच्या तपासणीत रेघा उमटायला लागल्या. कारण जीपी-फॉर्टीवन हाच तो तुकडा, जो जगातल्या बहुतेक एचआयव्ही पट्ट्यांवर चिकटवलेला असतो. विषाणू थेट शोधणाऱ्या तपासणीत एकाच्याही अंगात एचआयव्ही नव्हता. पण हीच लस कोट्यवधींना दिली असती तर देशातली एचआयव्हीची तपासणी व्यवस्थाच कोलमडली असती. ११ डिसेंबर २०२०ला लस सोडून दिली गेली. ऑस्ट्रेलिया सरकारनं तिचे ५ कोटी १० लाख डोस मागवले होते. उत्तम चालणारी लस, आणि गुन्हा काय, तर तिनं दुसऱ्याच आजाराच्या पट्टीवर रेघ काढली.

(त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीतल्या काही संशोधकांनी कोरोनाच्या काट्यात एचआयव्हीसारखे तुकडे सापडल्याचा निबंध टाकला होता. ते तुकडे इतके छोटे होते की, कितीतरी सजीवांत सापडले असते. चारदोन दिवसांत निबंध मागे घेतला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर तो अजून जिवंत आहे. त्याचा आणि क्वीन्सलंडच्या चिमट्याचा काही संबंध नाही.)

आता अंबड तालुक्यातल्या त्या पट्टीकडे परत येऊ, कारण खोट्या रेघेमागे जीवशास्त्राइतकाच हिशोबाचाही हात आहे. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारी साधारण दोन. समजा पट्टी फार चांगली आहे, एकही खरी लागण सोडत नाही, आणि लागण नसलेल्या हजार जणींत फक्त पाच जणींच्या बाबतीत फसते. दहा हजार बायका तपासल्या. खऱ्या लागणीच्या वीस, वीसच्या वीस सापडल्या. उरलेल्या जवळजवळ दहा हजारांत, हजारी पाच या हिशोबानं, पन्नास खोट्या रेघा. एकूण रेघा सत्तर, त्यांतल्या खऱ्या वीस. ‘साडेनव्याण्णव टक्के अचूक’ पट्टीनं काढलेल्या सातांतल्या पाच रेघा खोट्या! पट्टी बिघडलेली नाही. आजार दुर्मिळ आहे, एवढंच. आणि आजार जसजसा कमी होत जाईल तसतसा हा हिशोब आणखी वाकडा होत जाणार : खऱ्या रेघा घटतील, खोट्या तेवढ्याच राहतील. याच कारणानं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सगळ्या देशांना सांगितलं की, ओळीनं तीन तपासण्या सकारात्मक आल्याशिवाय कुणालाही एचआयव्ही आहे असं म्हणू नका. आपल्याकडे, काहीच लक्षणं नसलेल्या माणसासाठी, तीन तपासण्यांचा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सरकारी आरोग्यखात्याला शिव्या घालायची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तर फिकट रेघ दिसली की नर्सबाई त्या बाईला ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाहीत, म्हणायचंच नसतं. तिला आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवतात. तिथे आधी समुपदेशक बोलतात, मग टेक्निशियन शिरेतून रक्त काढतात आणि त्यातली पिवळसर सिरम वेगळी करून तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात.

या किट जवळून पाहण्यासारख्या असतात. एका प्रकारात प्लास्टिकची चक्क एक फणी असते, प्रत्येक दात एकेका माणसाचा. दातावर ठिपके चिकटवलेले असतात, आणि फणी औषधाच्या खळग्यांच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत बुडवत न्यायची. दुसऱ्या प्रकारात पांढऱ्या पडद्याची वाटोळी खिडकी असते. सिरम त्यातून झिरपून खाली जाते, वरून जांभळट औषध सोडलं की ठिपके उठतात : एक नियंत्रणाचा, एक एचआयव्ही-१चा, एक एचआयव्ही-२चा. नियंत्रणाचा ठिपका उठला नाही तर ती किट फेकून द्यायची, बाकी काहीही दिसो. तिसरी पट्टी नेहमीची, जिच्यावर रक्त आडवं सरकतं.

तीन का? एकच किट तीनदा वापरली तर काय बिघडतं? इथे हुशारी आहे. फिकट रेघ जर चिकट प्रतिपिंडानं आली असेल, तर तीच किट पुन्हा वापरल्यावर तीच रेघ पुन्हा येणार, शंभर वेळा येणार. म्हणून नियम असा की, किटची रीत वेगळी हवी किंवा तिच्यावरचे विषाणूचे तुकडे वेगळे हवेत. डेंग्यूच्या तापात बनलेलं एखादं प्रतिपिंड एका किटवरच्या खळग्यात योगायोगानं बसेल. दुसऱ्या कंपनीनं दुसऱ्या रीतीनं बनवलेल्या तुकड्यातही बसेल, आणि तिसऱ्यातही, हे योगायोगाला फार झालं. खऱ्या लागणीत मात्र शरीर विषाणूच्या अनेक भागांविरुद्ध एकदम प्रतिपिंडं बनवतं, त्यामुळे तिन्ही किट बोलतात. पहिली बोलली आणि बाकी दोन्ही गप्प राहिल्या, तर अहवाल निगेटिव्ह. पहिलीबरोबर उरलेल्यांतली एकच बोलली, तर ‘अनिश्चित’, आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त. हे दिवस वर सांगितलेल्या गोष्टीशी किती जुळतात पाहा : लागण खरी आणि ताजी असेल तर तेवढ्यात प्रतिपिंडं वाढून तिन्ही किट रंगतात, आणि तापाचा चिकट माल असेल तर बहुधा ओसरू लागतो. तरीही किट भांडतच राहिल्या तर नमुना वरच्या प्रयोगशाळेत जातो. या उतरंडीच्या माथ्यावर पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं उभी राहिलेली संस्था, सगळे जिला ‘नारी’ म्हणत आले ती. देशभरातल्या प्रयोगशाळांना ओळख झाकलेले नमुने पाठवून त्यांचीच परीक्षा घेण्याच्या व्यवस्थेचं शिखरही तिथंच.

खरी पंचाईत या साखळीच्या बाहेर होते. ऑपरेशनच्या आधी, कुणाला न विचारता, एकाच कार्डावर तपासणी उरकायची आणि छापील कागदावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहून तो दिराच्या हातात द्यायचा, असं जिथे घडतं तिथे. २०१७चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, तपासणीआधी त्या माणसाची संमती आणि नंतर गुप्तता सक्तीची करतो. हातात असा एका कार्डाचा कागद आलाच, तर तो निकाल नाही, फक्त पुढे तपासायची चिठ्ठी आहे. आयसीटीसीत तपासणी फुकट आहे, आणि १०९७ या नंबरवर फोन लावून काहीही विचारता येतं, तेही मराठीत. उलटही तितकंच खरं : आपली रेघ तापाचीच असणार असं घरच्या घरी ठरवून गप्प बसणं धोक्याचं. ती कुणाची हे किटच ठरवतात.

एक रेघ मात्र अशी आहे, जी तिन्ही किटवर ठसठशीत उमटते आणि तरीही तिच्यावरून काही ठरवता येत नाही. लागण असलेल्या आईला बाळ झालं की, त्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असतात. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वार ती मुद्दाम, भराभर, बाळाकडे पोचवते, कारण जन्मल्यावर बाळाची स्वतःची फौज तयार व्हायला वेळ लागतो. गोवर असो, धनुर्वात असो, आईनं जे जे भोगलं किंवा ज्याची लस घेतली त्याची ढाल बाळाला मिळते, आणि त्याच गाठोड्यात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडंही येतात. बाळाला लागण असो वा नसो, पट्टी पॉझिटिव्हच येणार. ती चूक नाही, ती आईची नोंद आहे. म्हणून अशा बाळाची तपासणी सहा आठवड्यांचं झालं की वेगळीच करतात : टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपायचे, वाळवायचे आणि पाकिटातून प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे प्रतिपिंड न शोधता विषाणूचा जनुकीय माग शोधतात. आईला गरोदरपणात औषधं सुरू झाली असतील आणि बाळालाही वेळेवर दिली असतील, तर बहुतेक बाळांत तो सापडत नाही. तोवर आईची प्रतिपिंडं महिन्यागणिक विरत जातात, आणि बाळ अठरा महिन्यांचं झालं की त्याचं रक्त पुन्हा घेतात. या वेळी साध्या तीन किटवर, कारण आता रेघ आली तर ती त्याची स्वतःची असेल.